सेलिनाच्या घरचा ऑक्टोबर

"मावशी, तुम्ही आज शाळेत जाऊ नका. आमच्याकडे या." बेगडेवाडीच्या फलाटावर मी लोणावळा लोकलची वाट बघत उभी होते, तेव्हा सेलिनाच्या थोरल्या मुलीचा, तेरेजाचा फोन आला आणि ती आधी एवढंच बोलली. मी विचारलं, "आईचा ताप कसा आहे?" त्यावर ती म्हणाली, "आई पहाटे गेली." सप्टेंबरचे शेवटचे दिवस होते. सेलिनाला डेंगी झाल्याचं मला माहीत होतं, दोन दिवसांपूर्वी मी तिला दवाखान्यात बघूनही आले होते. तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि मला म्हणाली होती, "मास्तरीणबाई, माझा ऑक्टोबर वाया जाणार बघ." मला ते तापातल्या माणसाचं कुरकुरणं वाटलं. गाडी आली, मी चढले, खिडकीशी बसले. मळवलीच्या पुढे डोंगरउतारावर सोनकी फुलली होती, सगळा उतार पिवळा झाला होता. सेलिना ती फुलं दाखवायला मुलांना दरवर्षी या सुमारास घेऊन जायची, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं... ती गेली आहे, हे डोक्यात शिरायला लोणावळा यावं लागलं.

मी लोणावळ्यात, वलवणच्या शाळेत शिकवते. आम्हा शिक्षकांना दरवर्षी शाळेत न येणाऱ्या मुलांचा शोध घेत फिरावं लागतं. डोंगरावरच्या वाड्या, वीटभट्ट्या, नव्या बंगल्यांच्या बांधकामांवरची पत्र्याची खोपटी, सगळीकडे जायचं आणि सापडेल त्या मुलाचं नाव 'शाळाबाह्य' म्हणून लिहून आणायचं. या कामात मी वाकबगार आहे असं सगळे म्हणतात. वलवणला माझी बदली झाली त्या पहिल्याच वर्षी धरणाच्या बाजूच्या एका दोन खोल्यांच्या घरापाशी मी थबकले. भर अकराच्या सुमाराला पायरीवर एक सहा-सात वर्षांची मुलगी पुस्तक वाचत बसली होती. "शाळेत का गेली नाहीस गं?" मी विचारलं. तिनं मान वर केली आणि मलाच काही कळत नसल्यासारखं सांगितलं, "शाळेतच तर आहे मी." आतून पिठाचे हात घेऊन तिची आई बाहेर आली. "या ना बाई," ती म्हणाली, "वर्ग चालू आहे, पण पाहुण्यांना बंदी नाही."

ती सेलिना. वसईची, कॅथलिक, विज्ञानाची पदवीधर. नवरा अंतोन नगरकडचा, रेल्वेत घाटातल्या रुळांच्या कामावर, पाळ्या सतत बदलत्या. पायरीवरची मुलगी तेरेजा. जोसेफ तेव्हा मांडीवर होता आणि लुसीचा अजून पत्ता नव्हता. मुलीला शाळेत घातलेलं नाही, घालायचंही नाही, मी घरीच शिकवते, दहावीची परीक्षा मुक्त विद्यालयातून देता येते, असं तिनं मला चहा देता देता सांगितलं. मी कागद काढून विचारलं, "मग मी काय लिहू?" ती म्हणाली, "शाळाबाह्य लिहा. आहेच ती शाळेच्या बाहेर. खोटं कशाला लिहायचं?" आणि मग हसत, "भट्टीवरच्या मुलांशेजारी नाव येऊ दे तिचं. चांगली सोबत आहे." मी लिहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा लिहिलं. दर वर्षी मी तिच्या दारात गेले की ती आतून ओरडायची, "मुलांनो, या, मावशी आपल्याला बाहेर काढायला आली!" अशी आमची मैत्री सुरू झाली. तिनं मला कधी सुजाता म्हटलं नाही. मास्तरीणबाई, नाहीतर नुसतं बाई. मुलांना मात्र मी मावशी होते.

मैत्री होती आणि एक न संपणारं भांडणही होतं. माझं माहेर टाकवे बुद्रुकचं. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला आणि घरातल्या जुन्या देवांबरोबर जुनी कामंही सोडली. त्यानंतर आमच्या घरात जे काही आलं ते शाळेतून आलं. वडिलांची नोकरी, पक्कं घर, माझी पदवी. सकाळी मी दप्तर घेऊन निघाले की आजी दारात उभी राहून मी वळेपर्यंत बघत राहायची. कुणी देवळाकडे बघत नसेल इतक्या भक्तीनं. असल्या घरातून आलेल्या बाईला, शाळा दारात असून मुलांना घरी बसवणारी आई कशी सोसावी? मी तिला एकदा स्पष्टच म्हटलं, "सेलिना, ही तुझी चैन आहे. शाळा नाकारायला आधी पिढ्यान्पिढ्या शाळेत बसावं लागतं." ती रागावली नाही. "माझे आजोबा मिशनच्या शाळेत शिकले म्हणून मी शिकले," ती म्हणाली. "शाळेचे उपकार मी विसरले नाही गं. पण मला शाळेनं वाढवलं, आणि ते तिचं काम नव्हतं."

ते तिनं पुढे एका दुपारी सविस्तर सांगितलं. तिची आई ती लहान असतानाच वारली आणि वडिलांनी तिला बोर्डिंगात ठेवलं. बोर्डिंग वाईट नव्हतं. सिस्टर मायाळू होत्या, जेवण वेळेवर होतं. लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना ओळीनं खाटा. "दर संध्याकाळी आम्ही जपमाळ म्हणायचो," ती म्हणाली, "आणि जपमाळेच्या शेवटी मी मारियेला, येशूच्या आईला, सांगायची की मला घरी ने. पण घरी म्हणजे कुठं, ते हळूहळू मला आठवेना. एक दिवस घराचा वासही आठवेना. त्याच दिवशी ठरवलं होतं की मला मुलं झाली तर ती माझ्या स्वयंपाकघरात शिकतील." मी त्यावर काय बोलले ते मला नीट आठवतं, कारण तेच वाक्य मी नंतरही अनेकदा म्हणत राहिले, अंतोनसमोरसुद्धा: "घर म्हणजे शाळा नव्हे, सेलिना." ती म्हणायची, "आणि शाळा म्हणजे घर नव्हे, बाई. झाली फिटंफाट. चहा घे."

तिच्या घरचा सगळ्यात गडबडीचा काळ म्हणजे ऑक्टोबर ते नोव्हेंबर. बाकीच्या शाळा सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी यांत गुंतलेल्या असतात. सेलिनाच्या शाळेला मात्र या दिवसांत दम घ्यायला फुरसत नसायची. ऑक्टोबर हा त्यांच्यात जपमाळेचा महिना. मारियेची मूर्ती रोज संध्याकाळी एका कॅथलिक घरातून दुसऱ्या घरी जाते आणि सगळे तिथं जमून जपमाळ म्हणतात. लोणावळ्यात ही घरं काही फार नाहीत आणि ती लांब लांब आहेत. सेलिना मुलांना घेऊन बंगल्यांमधल्या रस्त्यांनी चालत निघायची. वाटेत पाढे, वाटेत चांदण्या, वाटेत इंग्रजी शब्दांची स्पेलिंगं. सकाळी धडा सुरू व्हायचा तो "आज कुणाचा सण?" या प्रश्नानं. ज्या संताचा सण असेल तो कुठल्या देशातला, तिथं काय पिकतं, लोक कुठली भाषा बोलतात, त्या काळात आपल्याकडे कुणाचं राज्य होतं. इतिहास, भूगोल सगळं त्यातून. मग टाकव्याला माझ्या भावाच्या खाचरात भातकापणीला यायचं, तेही अभ्यासातच. दिवाळीला शेजाऱ्यांसाठी आकाशकंदील. आणि दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, कबरस्तान. ती दमून जायची, ओरडायची, भात करपायचा, जोसेफच्या वहीवर डाळ सांडायची. ते घर काही चित्रातलं नव्हतं. पण ऑक्टोबरात मी शाळा सुटल्यावर तिकडे वळले की परतीची गाडी हमखास चुकायची.

मूर्ती त्यांच्या घरी यायची त्या संध्याकाळी मी दाराशी बसून असायची. मला त्यात काही म्हणायचं नसे. शेवटी प्रत्येक मूल आपली एक विनंती मोठ्यानं सांगायचं. एका वर्षी लुसी म्हणाली, "सुजाता मावशीच्या शाळेचं छप्पर गळतं, ते थांबू दे." सगळे हसू दाबत होते. पुढच्या पावसाळ्याआधी पत्रे बदलले गेले. त्यासाठी मी केलेल्या खेपा कुणाला ठाऊक नव्हत्या. लुसी मला भेटेल तिथं विचारायची, "मावशी, गळत नाही ना आता?" आणि सेलिना तिच्यामागून मला डोळा मारायची.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात अडतो. ज्या दिवशी सेलिनाला पुरलं, त्या दिवशी चर्चमधली मिस्साची प्रार्थना झाली, माती देऊन झाली, आणि आम्ही बायका त्या दोन खोल्यांत परतलो. कुणी चहा टाकला. जोसेफ आणि लुसी पायरीवर बसले होते, जिथं मी तेरेजाला पहिल्यांदा पाहिलं होतं. लुसीच्या वेण्या सकाळपासून कुणी घातल्या नव्हत्या. मी त्यांच्याकडे बघत होते, माझे डोळे भरलेले होते, आणि त्याच क्षणी माझ्या मनात आलं: आता ही मुलं शाळेत येतील. नुसतं आलं नाही. त्याबरोबर एक समाधान आलं, काम पुरं झाल्यावर वाटतं तसं. क्षणभरच. लगेच मी उठून आत गेले आणि कपबशा विसळू लागले. पण ते वाटून गेलं होतं. मैत्रिणीच्या कबरीची माती अजून माझ्या चपलांना होती.

तेरेजाची दहावीची परीक्षा ऑक्टोबरात होती. आईच्या मृत्यूनंतर आठवड्याभरानं मी गेले तेव्हा ती ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती आणि लुसीला उजळणी म्हणायला लावत होती. आवाज, हात हलवायची पद्धत, सगळं आईचं. मी म्हटलं, "तुझा अभ्यास?"

"मी परीक्षा पुढच्या खेपेला देईन, मावशी. ह्या दोघांना कोण बघणार?"

"पुढच्या खेपेला हे दोघं मोठे होणार आहेत का?"

"थोडे तरी होतील," ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली. सोळा वर्षांची मुलगी. मला दिसलं की ती एकदा थांबली की कायमची थांबणार. पुढची खेप येणार नाही, आणि सगळे म्हणतील की किती गुणी मुलगी. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझे पेपर असतील ते दिवस आणि त्यांच्या आदले दिवस मी येऊन बसेन. मी रजा काढते."

मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सुजाताबाई, आयुष्यभर घरातली मुलं शाळेत आणलीत. आता शाळेतली बाई घरी?" शिक्षकांच्या खोलीत त्यावर बरंच हसणं झालं. रजा मिळाली. मी क्रमिक पुस्तकं घेतली, वेळापत्रक आखलं, लाल पेन घेतलं आणि पहिल्या पेपरच्या दिवशी तेरेजा निघून गेल्यावर स्वयंपाकघरातल्या जाजमावर त्या दोघांसमोर बसले. लुसीनं विचारलं, "मावशी, आज कुणाचा सण?" मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आज आपण गणितानं सुरुवात करू." थोड्या वेळानं जोसेफला काही विचारायचं होतं. तो बोलू लागला तशी सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "हात वर करून विचार." त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग हात वर केला आणि गंभीरपणे म्हणाला, "मावशी, इथं आम्ही दोघंच आहोत."

लुसी हसायला लागली. मीही हसले. पण मग तिची वही तपासताना मी चुकलेल्या उत्तरांवर लाल फुल्या मारल्या, आणि ती वहीकडे बघत राहिली. मला वाटलं चुका झाल्या म्हणून. जोसेफ हळूच म्हणाला, "आई असं लाल नाही करत. आई शेजारी पेन्सिलीनं एक टिंब देते, मग आपण शोधायचं कुठं चुकलं ते." देते, म्हणाला तो. दिलं असतं, द्यायची, असं नाही. मी पेन बंद केलं. मी इतकी वर्षं त्या घरात चहा प्यायले, भांडले, जेवले, आणि त्या बाईनं मुलाची वही कशी तपासली हे एकदाही पाहिलं नव्हतं. मी तिथं तिला पटवायला जायची. बघायला कधी गेलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी येताना मी संतांच्या सणांचं छोटं कॅलेंडर त्यांच्या चर्चच्या आवारातून घेतलं आणि गाडीत बसून, परीक्षेला बसणाऱ्या मुलीसारखं, त्या दिवसाचा सण पाठ केला.

मधल्या एका रविवारी त्यांना टाकव्याला नेलं. न नेणं सोपं होतं, पण कापणीचं लुसीनंच काढलं. खाचरात भात पिवळं झालं होतं, वास सुटला होता. आमच्या शेताला लागून असलेल्या वरच्या वाडीतल्या हौसामावशी दरवर्षी कापणीला येतात. सेलिनाशी त्यांचं चांगलं जमायचं. पहिल्या वर्षी त्यांनी तिला विचारलं होतं, "ह्या पोरास्नी साळा न्हाई व्हय?" आणि सेलिनानं सांगितलं होतं, "हीच साळा, मावशी. तुमी मास्तर." तेव्हापासून हौसामावशी स्वतःला मास्तर म्हणवून घ्यायच्या आणि जोसेफनं पेंढी सैल बांधली की म्हणायच्या, "नापास! सोड, परत बांध." यंदा त्यांनी बांधावरून आम्हाला येताना पाहिलं आणि हाक दिली, "आगं, औंदा माय कुटं हाय तुमची? सावलीत बसली व्हय?"

मी सांगण्याआधी लुसीच म्हणाली, "आई वारली."

हौसामावशींनी विळा खाली ठेवला. कपाळावर हात मारणं, रडणं, काही नाही. खाली बसल्या, शेजारची जागा हातानं साफ केली आणि म्हणाल्या, "ये, हितं बस माझ्यापाशी. पेंढी बांधाया येती का तुला?"

"येते. आईनं शिकवलंय."

"मंग बांध. बघू, तू लय घट बांधती का तुझा भाऊ."

जोसेफ आणि लुसी संध्याकाळपर्यंत बांधत राहिले. मी बांधावर बसून त्यांच्याकडे बघत होते. एकाही शब्दानं सांत्वन न करता त्या बाईनं जे केलं, ते मला पंधरवड्यात सुचलं नव्हतं. मी सांत्वन केलं होतं, वेळापत्रक केलं होतं.

तेरेजाचा शेवटून दुसरा पेपर होता त्या सकाळी अंतोन रात्रपाळीहून आला तेव्हा मी नुकतीच पोचले होते. मुलं मागच्या दारी दात घासत होती. तो पायरीवरच बसला, बुटांच्या नाड्या सोडत. अबोल माणूस, पण बोलायचं ते त्यानं मनाशी जुळवून आणलेलं दिसत होतं. "ताई, पुण्यात एक होस्टेल आहे. आमच्याच सिस्टरांचं. जोसेफ आणि लुसी दोघांची सोय होईल. पुढच्या आठवड्यात बघून यावं म्हणतो. तुम्ही सोबत चला. तुम्ही शाळेतल्या, तुम्हाला विचारायचं काय ते कळेल."

मी म्हटलं, "होस्टेल? अंतोन, सेलिना बोर्डिंगात..."

"मला सांगता?" तो पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलला. "ती झोपेत सिस्टरांना हाका मारायची, ताई. लग्नानंतरसुद्धा. मला माहीत नाही होय?" मग त्याचा आवाज खाली आला. "पण मी रात्री घाटात असतो. तेरेजा कॉलेजला जाणार. मी काय करू? आणि तुम्हीच म्हणायचात ना, घर म्हणजे शाळा नव्हे. तेव्हा राग यायचा मला. आता वाटतं, बरोबर होतं तुमचं."

माझंच वाक्य होतं ते. मी ते किती ठसक्यात म्हणायचे! इतक्या वर्षांत त्या घरातल्या कुणी ते मान्य केलं नव्हतं. आणि आज ते मान्य झालं होतं, बुटांच्या नाड्यांशी झगडणाऱ्या, डोळे तारवटलेल्या माणसाकडून, कारण त्याची बायको मेली होती. अंत्यविधीच्या दिवशी मनात आलेलं ते समाधान मला आठवलं आणि मान वर करवेना. त्यानं ते ओळखलं असेल का, असंही वाटलं. आतून चूळ भरल्याचा आवाज येत होता. लुसी विचारत होती, "जोसेफ, आज कुणाचा सण?"

"मी होस्टेल बघायला येणार नाही," मी म्हटलं. "बरोबर नव्हतं माझं. म्हणजे अर्धंच होतं. ती रोज उरलेलं अर्धं सांगायची, मी ऐकायची नाही." आणि मग जे सुचत गेलं ते बोलत गेले. मुलं दिवसा माझ्या शाळेत येतील. शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर घरी येईन आणि तेरेजा कॉलेजातून येईपर्यंत थांबेन, सेलिना ज्या पद्धतीनं बसायची तसं बसेन. पण रात्री ती दोघं याच दोन खोल्यांत, आपल्या बहिणीशेजारी झोपतील. "खाटा ओळीनं लावलेल्या खोलीत नाही, अंतोन."

त्यानं दोन्ही बूट काढले, नीट जोडीनं भिंतीशी ठेवले. "तुमची गाडी चुकेल रोज," तो म्हणाला.

"ती चुकतेच आहे इतकी वर्षं."

दिवाळीच्या सुट्टीनंतर जोसेफ आणि लुसी शाळेत आली. दाखल करून घेताना त्यांची नावं मीच लिहिली. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी खुशीनं म्हणालं, "शेवटी आणलीतच, सुजाताबाई! जिंकलात!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. मी चहाचा कप घेऊन खिडकीशी गेले. सेलिना हरली नाही, तिची मुलं तिनं शिकवलेलं घेऊन आली आहेत, वर्गात लुसी शेजारच्या मुलीची चूक दिसली की पेन्सिलीनं टिंब देते आणि वाट बघते, हे सगळं तिथंच सांगता आलं असतं. ते गप्प राहणं मला फार खुपलं. म्हणून हे लिहायला बसले. आमच्या शाळेतले काही जण वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात.

शाळा उघडण्याआधीची एक गोष्ट राहिली. दोन नोव्हेंबरला मी त्या चौघांबरोबर कबरस्तानात गेले. त्या दिवशी सगळी घरं आपापल्या माणसांच्या कबरी धुतात, झेंडूच्या माळा घालतात, मेणबत्त्या लावतात. सेलिनाच्या घरची पद्धत थोडी वेगळी होती. लोणावळ्यात त्यांचं पुरलेलं कुणी नव्हतं. म्हणून घरातल्या प्रत्येकानं अशी एकेक कबर धरली होती जिच्याकडे कुणीच येत नाही. जोसेफची एका रेल्वेवाल्याची, तेरेजाची एका म्हातारीची, लुसीची भिंतीजवळची. दरवर्षी तिथलं गवत काढायचं, अक्षरं वाचता आली तर वाचायची, मेणबत्ती लावायची. सेलिनाची कबर अगदी लहान होती. कुणा बाळाची असावी. गंजलेला एक क्रूस, नाव पुसून गेलेलं.

यंदा पहिल्यांदाच त्यांचं स्वतःचं माणूस तिथं होतं. मला वाटलं, सगळे आधी तिकडे जातील. सेलिनाच्या कबरीवर अजून नुसती मातीच होती, ती पावसानं थोडी खचली होती. अंतोन तिथं जाऊन उभा राहिला. मुलं मात्र आधी आपापल्या कबरींकडे पांगली, दरवर्षीसारखी. मी मधेच उभी होते, काय करावं न कळून. तेवढ्यात लुसी आली. तिच्या हातात सेलिनाचं खुरपं होतं, मुठीला जुन्या साडीची लाल चिंधी गुंडाळलेलं.

"मावशी, आईच्या बाळाकडे आता कुणी नाही," ती म्हणाली. "आम्ही ठरवलंय. ते तुमचं."

मी म्हटलं, "लुसी, मला तुमची प्रार्थना येत नाही गं."

"लागत नाही. आई गवत काढायची, मग माती थोपटायची आणि सांगायची, आम्ही आलो होतो. एवढंच."

मी बसले. गुडघे दुखत होते, गवताची मुळं खोल गेली होती. खुरप्याची मूठ हाताला मोठी वाटली. सेलिनाचा हात माझ्यापेक्षा रुंद होता हे मला तेव्हा कळलं. लुसी शेजारी उभी राहून बघत होती, एका जागी उरलेलं गवत मला दिसलं नाही तेव्हा तिनं काही न बोलता त्याच्याशेजारी मातीत बोटानं एक टिंब दिलं. मी ते गवत काढलं. माती थोपटली. त्या नाव नसलेल्या बाळाला सांगितलं, आम्ही आलो होतो. ते सहज सांगता आलं.

मग सगळे सेलिनापाशी जमलो. मुलांनी एकेक करून तेच वाक्य म्हटलं, अंतोननं म्हटलं. माझी पाळी आली. मी ओठ उघडले... आणि मला ते म्हणता आलं नाही. लुसीनं वाट पाहिली. मग ती म्हणाली, "राहू दे. पुढच्या वर्षी म्हणा," आणि खुरपं माझ्याच पिशवीत ठेवलं.

ते आता बेगडेवाडीला माझ्या घरी आहे, दाराच्या आत, चपलांच्या फळीवर. पात्याला माती वाळून बसली आहे. सकाळी गाडीसाठी निघताना मी खाली वाकते, चपला घालते, आणि ते दिसतं.